अमर जवानची ट्रॉफी जिवंत माणसाला देऊ नका: सत्काराच्या खरेदीचा रिव्ह्यू

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. फ्रेमवाला पाचपैकी साडेचार, ट्रॉफीवाला एक, तोही थोडे पैसे परत दिले म्हणून, आणि इव्हेंटवाले हल्ली 'सत्कार पॅकेज' म्हणून जे विकतात त्याला स्टार द्यायची इच्छाच नाही. आता सविस्तर, कारण प्रत्येक चाळीत सोसायटीत कोणी ना कोणी म्हातारे फौजी असतातच आणि ४ डिसेंबरचा नौदल दिन, १६ डिसेंबरचा विजय दिवस, २६ जानेवारी जवळ आलं की मंडळाच्या ग्रुपवर "ट्रॉफी कुठे स्वस्त मिळेल" सुरू होतं, आणि मग सगळीकडे तेच होतं, शाल, श्रीफळ, ट्रॉफी, दोन भाषणं, फोटो, वडापाव, घरी. आम्ही यावेळी जरा वेगळं करायचं ठरवलं आणि निम्मं जमलं निम्मं फसलं, ते लिहितेय.

आमचे अण्णा लालबागचे, चाळीतलेच, मूळ दापोलीकडचे, वय ८० च्या आसपास. १९६४ ला नेव्हीत लागले, इंजिन रूमवाले, त्यांच्या शब्दात स्टोकर, आणि १९७१ च्या लढाईत विक्रांतवर होते. म्हणजे जुनी विक्रांत, १९६१ ची, २०२२ ला कोचीला नेव्हीत दाखल झाली ती नव्हे, हे दरवेळी सांगावं लागतं नाहीतर शाळेतली पोरं अण्णांना तिकडच्या डेकचे प्रश्न विचारत बसतात. १५ वर्षं पुरी करून पेन्शनवर आले, मग माझगाव डॉकला लागले, तिथूनही रिटायर झाले. आता हे झालं कागदावरचं. सत्कार त्यासाठी होताच, पण तेवढ्याचसाठी असता तर ३० वर्षांपूर्वीच झाला असता ना. आम्हाला करायचा होता तो रजिस्टरसाठी.

रजिस्टर काय ते सांगते. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब खतावणी असते ना, तसली रजिस्टरं अण्णांच्या खोलीत पोटमाळ्यावर रचून ठेवलीत, नेव्ही सोडल्यापासूनची. जहाजावर दर तासाला लॉग लिहायची सवय, ती काही सुटली नाही. पाणी किती वाजता आलं, किती मिनिटं होतं, टाकीचा व्हॉल्व्ह कोणी फिरवला, कोणाला रात्री केईएमला नेलं, कुठल्या वॉर्डात, परत कधी आणलं, कोणाची म्हातारी पडली, गॅलरीचा कठडा कुठे हलतोय. एक ओळ, वेळ, सही. कंटाळवाणं वाटतं वाचायला. पण पहाटे चारला पाणी येतं तेव्हा व्हॉल्व्हपाशी उभा राहणारा माणूस कोण होता हे शोधायला गेलात तर पानंच्या पानं तीच सही आहे.

१९८२ च्या रजिस्टरची एक गंमत आहे. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार, आमच्या चाळीत तर प्रत्येक मजल्यावर पगार बंद. अण्णांची पेन्शन आणि डॉकचा पगार मात्र चालू. त्या वर्षीच्या रजिस्टरमध्ये पाण्याच्या वेळा आहेत, दवाखाना आहे सगळं आहे, पण मधली काही पानं ब्लेडने नीट सरळ रेषेत कापलेली. आई म्हणते ती उधारीची पानं, कोणाकडे किती गहू तांदूळ गेले त्याची. अण्णांना विचारलं तर "कागद खराब निघाला होता" म्हणाले आणि विषय संपला.

आणि २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या दिवशी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला फक्त ७३, त्यामुळे खाली शहरात बसलेल्यांना बराच वेळ कळलंच नाही वर काय चाललंय ते. अण्णांनी संध्याकाळी एकेक दार वाजवून यादी केली, कोण घरी पोचलेलं नाही. नाव, खोली नंबर, कुठे कामाला, शेवटचं बोलणं कधी झालं. मोबाइल सगळे मेलेले. मग जो जो येईल त्याच्या नावापुढे टिक आणि वेळ. माझं नाव आहे त्यात, मी तेव्हा साकीनाक्याला कामाला होते, माझ्यापुढे २७ तारीख दुपारचे ३.४० असं लिहिलंय, आणि मला आठवतं मी जिन्यावर पाय ठेवला तर अण्णा पेन घेऊन उभे, "आलीस? खोलीवर जा, आई रडतेय" एवढंच बोलले आणि वेळ लिहिली. शेवटची टिक २८ ची आहे. ११ जुलै २००६ ला ट्रेनमध्ये स्फोट झाले त्या रात्री पण अशीच यादी.

शिवाय बायकांची कामं. आमच्या भागात नेव्ही आणि आर्मीच्या विधवा बऱ्याच, कोकणातल्या, बहुतेकींना कागद कळत नाही. फॅमिली पेन्शन अडकली की अण्णा मानखुर्दला चीता कॅम्पला सेलर्स ब्युरोमध्ये घेऊन जाणार, आर्मीवाली असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. नोव्हेंबरात हयातीचे दाखले. आता तो ऑनलाइन होतो, बोट लावून करायचा तर अंगठ्याचं मशीन लागतं, ते मशीन पण अण्णांनी स्वतःच्या पैशाने घेतलंय आणि भांडी घासून घासून ज्यांच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत अशा बायकांना दहादा बोट ठेवायला लावत बसतात, ओरडत नाहीत.

तर असा माणूस. आणि त्याला आमच्या मंडळाच्या पोरांनी कुठली ट्रॉफी आणली?

अमर जवानची. उलटी बंदूक आणि वर हेल्मेट. फायबरची, सोनेरी स्प्रे मारलेली, खाली काळा पाया, त्यावर अण्णांचं नाव.

म्हणजे बघा, १९७१ नंतर इंडिया गेटखाली ज्योत लावली, २६ जानेवारी १९७२ ला, ती कोणासाठी? जे गेले त्यांच्यासाठी. उलटी ठेवलेली रायफल आणि त्यावर हेल्मेट याचा अर्थ हा माणूस आता नाही. आणि ही ट्रॉफी तुम्ही ८० वर्षांच्या जिवंत माणसाच्या हातात देताय, त्याच्यासमोर त्याची बायको बसलीय. पोरांचा दोष मी कमी धरते, दुकानात जाऊन "फौजीचा सत्कार आहे" म्हटलं की दुकानदार हेच काढून देतो, कारण तेच शेकड्याने तयार पडलेलं असतं. धोबी तलावच्या बाजूला ट्रॉफीची दुकानं आहेत तिथलंच एक, नाव घेत नाही. माणूस नेव्हीतला आहे हे फोनवर दोनदा सांगितलेलं तरी मागच्या पट्टीवर जमिनीवर रांगणारा जवान, आणि सन छापलंय १९७२. फॉन्ट असा की 'क्रां' मधला रफार की रकार तेच कळेना, विक्रांतचं विकांत दिसत होतं. परत करायला गेलो तर नाव कोरलंय, परत होणार नाही. वाद घालून घालून थोडे पैसे सुटले.

अण्णांनी स्टेजवर ती हातात घेतली, चष्मा वर केला, बघितली, आणि हळूच म्हणाले "अरे मी आहे अजून." पुढच्या दोन रांगा हसल्या, मागच्यांना ऐकूच गेलं नाही कारण स्पीकरवर देशभक्तीची गाणी फुल्ल. सध्या ती मंडळाच्या ऑफिसात आहे, टाकीच्या खोलीच्या चाव्या तिच्या बंदुकीला अडकवतात. त्या कामाला बरी आहे, तोल चांगला आहे.

पॅकेजवाल्यांबद्दल. स्टेज, बॅनर, माइक, निवेदक, हार, शाल सगळं त्यांच्याकडून. बॅनरवर फायटर विमानं आणि बर्फाचे डोंगर. अरे समुद्र तरी टाका. स्टेजवरच्या टेबलाला तिरंगी कापड गुंडाळलेलं, खाली झालर. अण्णा स्टेजवर चढले, बसायच्या आधी ते कापड काढलं, घडी घातली, माझ्याकडे दिलं, मग बसले. काही बोलले नाहीत. नंतर मी इव्हेंटवाल्याला सांगितलं की फ्लॅग कोडमध्ये स्पष्ट आहे, झेंडा टेबलावर अंथरायचा नाही, झालर करायची नाही, तर तो म्हणे मॅडम यात चक्र नाही, हा झेंडा नाही, हे डेकोरेशन आहे. तांत्रिकदृष्ट्या असेल बाबा तुझं खरं. फौजी माणसाच्या सत्काराला एवढी अक्कल असावी एवढंच माझं म्हणणं.

निवेदक म्हणजे तर कहर. आवाज चांगला होता, मान्य. पण त्याला कोणीतरी ४ डिसेंबर म्हणजे नौदल दिन म्हणजे कराची एवढं सांगितलेलं, आणि तो दर पाच मिनिटांनी "कराची जाळणारे आपले अण्णा" करत होता. आता कराचीवर हल्ला झाला तो मिसाइल बोटींचा, ऑपरेशन ट्रायडेंट, पश्चिमेला. विक्रांत होती पूर्वेला, बंगालच्या उपसागरात, तिची सी हॉक विमानं त्याच ४ तारखेला कॉक्स बझारवर गेली आणि मग चितगाव. मध्ये अख्खा देश आहे! तिसऱ्यांदा कराची झाल्यावर अण्णांनी हात पुढे केला, माइक घेतला, आणि मग जे बोलले तो त्या कार्यक्रमाचा एकमेव भाग जो मी पैसे देऊनही परत ऐकेन.

म्हणाले, मी कराची बघितलेली नाही. मी चितगावही बघितलेलं नाही. मी समुद्रसुद्धा बघितला नाही त्या दिवसांत, मी प्रेशरचं घड्याळ बघत होतो. विक्रांतला चार बॉयलर, त्यातला एक तडकलेला होता, बरेच लोक म्हणत होते हिला लढाईला नेऊच नका. तीन बॉयलरवर ढकलली. आणि वाफ एकच, तीच जहाज ढकलणाऱ्या पंख्याला द्यायची, तीच वर कॅटापुल्टला, विमान फेकायला. वर विमान सुटलं की खाली आमच्या घड्याळाचा काटा पडायचा, तो परत वर आणायचा, मग पुढचं विमान. आम्ही काटे मोजून सांगायचो किती गेली. परत किती आली ते मात्र काट्यावरून कळत नाही, त्यासाठी वरून कोणीतरी खाली येईपर्यंत थांबावं लागायचं.

गाझीबद्दल कोणीतरी विचारलंच, पाकिस्तानची पाणबुडी जी विक्रांतला शोधायला आलेली आणि विशाखापट्टणमजवळ बुडाली. तर अण्णा म्हणे ती आम्हाला शोधतेय हे आम्हाला पेपरात कळलं, बॉयलर रूमला कोण सांगतंय.

आणि रजिस्टरच्या यादीचं कारण पण त्या काट्यांच्या गोष्टीतच कळलं मला, आधी कधी लक्षात आलं नव्हतं. किती गेले, किती आले. असो.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला तो फ्रेमवाला. गिरगावात ठाकूरद्वार नाक्यावरून आत, जुनी पेढी, देवाचे फोटो आणि लग्नाचे फोटो बाहेर टांगलेले, बघून वाटणार नाही की हा माणूस मेडलचं काम करतो. नाव टाकत नाहीये कारण त्यांनीच सांगितलं नेटवर टाकू नका, आधीच हाताखाली माणूस एक आणि कामं तुंबलेली. त्या बाजूला जाऊन दोन दुकानांत विचारलंत तर कोणीही बोट दाखवेल.

अण्णांची मेडल्स बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होती, डांबरगोळ्यांसकट. पाच. त्यातला 'पूर्वी स्टार', म्हणजे १९७१ च्या पूर्वेकडच्या लढाईचा, पाच टोकांचा तांबूस, बाकी गोल, १९६५ चं रक्षा मेडल, १९७१ चं संग्राम, १९७२ ला स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हा मिळालेलं आणि ९ वर्षांच्या सेवेचं. याआधी मी दुसऱ्या एका दुकानात, आपल्या बाजूलाच, विचारायला गेले होते तर तो म्हणे ताई द्या, लाल मखमलीवर ग्लू गनने चिकटवून देतो, संध्याकाळी घेऊन जा. ग्लू गन! मी डबा उचलला आणि निघाले.

गिरगाववाल्या काकांचा पहिला प्रश्न, "पॉलिश केलंत का?" नव्हतं केलं. म्हणाले वाचलात. गोल मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर आणि नाव असतं, लोक सत्काराच्या आदल्या दिवशी ब्रासो घेऊन बसतात आणि घासून घासून ती अक्षरंच उडवतात, मग ते मेडल कोणाचं हे सांगणारं काही राहत नाही. त्यांनी हातमोजे घालून मऊ सुती कापडाने नुसतं पुसलं, बस. काळपट आहे तसं ठेवलं. भिंगातून कडेवरचा नंबर वाचून दाखवला, अण्णांनी लगेच बाकीचा पाठ म्हणून दाखवला, ६० वर्षांपूर्वीचा नंबर, न अडखळता.

संग्रामची रिबन कुजलेली. ती कुठून आणायची ते काकांनीच सांगितलं, कुलाब्याला नेव्हीचे युनिफॉर्म शिवणारे टेलर आहेत त्यांच्याकडे रिबन मापावर मिळते, तिथूनच बारवर, म्हणजे मेडल्स ओळीने लावायच्या पट्टीवर, शिवून पण घ्या, म्हणजे सगळी एका ओळीत नीट क्रमाने बसतात. क्रम महत्त्वाचा, आपल्याला छान दिसतं म्हणून मोठं मधे असं चालत नाही, स्टार आधी, मग रक्षा, संग्राम, आणि ९ वर्षांचं शेवटी. टेलरनेही न विचारता तसंच लावलं. जुनी रिबन टाकून दिली नाही, छोट्या पाकिटात घालून फ्रेमच्या मागे ठेवलीय.

आता अण्णांची अट. ते म्हणाले, बिल्ले छातीवर लावायचे असतात, भिंतीवर नाही, १५ ऑगस्टला मला काढता आले पाहिजेत. मला वाटलं संपलं, कारण बॉक्स फ्रेम म्हणजे सील केलेली असते. काकांनी पाच मिनिटं डोकं खाजवलं आणि पुढून उघडणारी केली, डावीकडे दोन बारीक बिजागऱ्या, उजवीकडे पितळी कडी, आत मेडलचा बार दोन हुकांवर नुसता अडकवलेला. काढा, लावा, परत अडकवा. ही गोष्ट मी कुठेच बघितली नव्हती. कोणाला करून घ्यायची असेल तर हे नक्की मागा.

बाकी कामही विचारपूर्वक. काच मेडलला टेकू नये म्हणून खोली नीट ठेवलेली. मागे प्लायवूड नाही, आम्लरहित बोर्ड, कारण प्लायमधून जे काही सुटतं त्याने धातू काळा पडतो आणि आपल्याकडे वाळवी वेगळीच. मागच्या बाजूला सिलिका जेलची पुडी ठेवायला छोटा कप्पा, पावसाळ्याआधी बदलायची. खालच्या दोन कोपऱ्यांत रबराची बटणं म्हणजे फ्रेम भिंतीला चिकटत नाही, मागून हवा खेळते. आणि तोंडी सूचना, बाहेरच्या भिंतीवर लावू नका, जुन्या चाळीच्या बाहेरच्या भिंती जुलैत पाझरतात. हे त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनीच विचारलं की चाळ केवढी जुनी.

रजिस्टरचं पान. आम्हाला २६ जुलैचं पान मेडल्सच्या खाली लावायचं होतं, अस्सल. काकांनी साफ नाही म्हटलं. उजेडात बॉलपेनची शाई उडते, दहा वर्षांत कोरा कागद उरेल. चांगल्या कागदावर रंगीत प्रत काढून दिली, इतकी हुबेहूब की चहाचा डागसुद्धा आलाय, आणि मूळ पान रजिस्टरमध्येच राहिलं. अण्णांनी प्रत बघून दुसरीच हरकत काढली. लोकांची नावं भिंतीवर कशाला? कोण कुठे कामाला होतं, कोण कोणाबरोबर आलं, हे सगळं आहे त्यात, जगाला दाखवायचं नाही. आम्ही म्हटलं अण्णा २० वर्षं झाली त्याला. ऐकेनात. मग काकांनी वरचा पुठ्ठ्याचा माउंट असा कापला की नावांची बाजू झाकली जाते आणि फक्त शेवटचे दोन रकाने दिसतात, टिक आणि वेळ. ६.१५. ७.५०. ११.२०. मग दुसऱ्या दिवसाच्या वेळा. बाहेरच्या माणसाला काही कळणार नाही काय आहे ते. चाळीतला प्रत्येक जण मात्र आपली वेळ शोधतो, मी पण शोधली. मला विचाराल तर असं काही करा, ट्रॉफीवर 'समाजभूषण' छापण्यात काय आहे, ते गल्लीत चौघांना मिळालेलं असतं. त्या माणसाने नक्की काय केलं ते दिसलं पाहिजे ना.

अर्धा स्टार का कापला. एक, उशीर. दिलेल्या तारखेला तयार नव्हती आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी टॅक्सीत मांडीवर घेऊन आणली, भायखळ्याला ट्रॅफिक, जीव गेला माझा. दोन, साध्या काचेत समोरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब येतं, आणि चकाकी नसलेली काच इतकी महाग की आम्ही ॲक्रिलिकवर आलो, त्यावर आता धूळ बसते आणि पुसायला गेलं की ओरखडे. हे आधी सांगायला हवं होतं त्यांनी. तीन, नावाची स्टीलची पट्टी. मजकूर बरोबर आहे, वर्ष बरोबर आहे, विक्रांत बरोबर आहे, पण अगदी दवाखान्याच्या दरवाज्यावर असते तशी दिसते. पितळेची मागा.

पैसे, ॲक्रिलिक, बिजागऱ्या, प्रत धरून साडेचार हजारांच्या घरात, रिबन आणि बार शिवायचे टेलरकडे वेगळे. ट्रॉफी आणि पॅकेजला मिळून जे गेले त्यापुढे काहीच नाही, पण ते आकडे मंडळाचा खजिनदार मला लिहू देत नाहीये.

शालीबद्दल थोडं. पॅकेजमधली चकचकीत शाल, मुंबईच्या डिसेंबरात ती कोण पांघरणार, अण्णांनी दुसऱ्या दिवशी वॉचमनला दिली. त्यांच्याकडे अशा शाली येतात आणि जातात. चाळीतल्या बायकांनी वेगळी वर्गणी काढून सोलापुरी चादर दिली होती, ती वापरात आहे, गॅलरीत वाळत घातलेली दिसते. हार खूप जाड होता, मान दुखली त्यांची. जेवण नव्हतं, वडा आणि शिरा होता, शिरा उत्तम, वडा गार.

एक गोष्ट राहिली, काहींनी विचारलंय म्हणून. विक्रांतचा तुकडा वगैरे फ्रेममध्ये टाकता येईल का. २०१४ ला तिला दारूखान्याच्या जहाज तोडायच्या यार्डात तोडायला घेतली तेव्हा अण्णा बघायला गेले होते, लालबागहून तसं जवळच, पण तुकडाबिकडा काही आणला नाही. नंतर तिच्या भंगारातलं पोलाद वापरून २०१६ ला बजाजने मोटारसायकल काढली, चाळीतल्या एका पोराने घेतली, अण्णांना मुद्दाम खाली बोलावून दाखवली, तर अण्णांनी टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले मागच्या चाकात हवा कमी आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी फोर्टला लायन गेटसमोर विक्रांतचं स्मारक आहे, तिच्याच धातूचं, ते जाऊन बघा, फुकट आहे. बाजारात कोणी विक्रांतचा अस्सल तुकडा म्हणून विकत असेल तर मी तरी घेणार नाही.

फ्रेमवाल्यांकडे जाणाऱ्यांसाठी. दुपारी एक ते चार दुकान बंद. दिवाळीच्या तोंडावर देवांच्या फ्रेम्सची गर्दी असते तेव्हा डिसेंबरचं काम असेल तर गणपती उठले की लगेच द्या. मेडल्स कोणाच्या हाती पाठवू नका, स्वतः न्या, त्यांच्यासमोर मोजा, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढून ठेवा, ते पावतीवर प्रत्येक मेडलचं नाव लिहून देतात, मागायचीही गरज पडत नाही. आणि शक्य असेल तर ज्याची मेडल्स आहेत त्या माणसाला एकदा बरोबर न्या. जिना नाहीये, दुकान रस्त्यालगत आहे, बसायला स्टूल देतात, चहा पण.